गिझर बिघडू लागल्याची लक्षणे: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

थंडी सुरू झाली की या सदराकडे गिझरविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदा कोल्हापूर शहर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रे येथे थोडक्यात देऊन त्यांना उत्तरे दिली आहेत. पत्रे वाचताना एक गोष्ट फार खटकली. पाणी कोमट येऊ लागले की त्याच दिवशी मिस्त्रीला बोलावणे जाते, आणि नळाला हात लावल्यावर मुंग्या येतात किंवा न्हाणीघरात गरगरते, ही तक्रार मात्र महिनोन्महिने चालवून घेतली जाते. खरे तर कोमट पाण्यासाठी आठवडाभर थांबले तरी बिघडत नाही आणि मुंग्यांसाठी एक दिवसही थांबता येत नाही. म्हणून कोणत्या लक्षणावर गिझर त्या क्षणी बंद करायचा आणि कोणत्या लक्षणासाठी सवडीने मिस्त्रीला बोलावले तरी चालते, यावर या उत्तरांत अधिक भर दिला आहे.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्यातील न्हाणीघरात १५ लिटरचा विजेचा गिझर आहे. काही दिवसांपासून गिझर सुरू असताना नळाला ओला हात लागला की मुंग्या आल्यासारखे होते. वायरमन म्हणाले, “अर्थिंग थोडं कमी आहे, चालतंय की.” एमसीबी तर एकदाही पडलेला नाही. मग काळजी करण्यासारखे काही आहे का? (एक वाचक, शिवाजी पेठ)

उत्तर : आहे, आणि ही काळजी आजच करायला हवी. हे उत्तर वाचून झाल्यावर कोरड्या हाताने, पायांत चप्पल घालून गिझरचे बटण बंद करावे, मग प्लग काढून ठेवावा आणि दुरुस्ती होईपर्यंत तो पुन्हा लावू नये. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली असेल तर बटण बंद असतानाही गिझरमध्ये वीज राहू शकते.

मुंग्या का येतात, ते समजून घेतले की ‘चालतंय की’ का चालत नाही ते ध्यानात येईल. ज्याला आपण कॉईल म्हणतो ती प्रत्यक्षात धातूची बंद नळी असते. तिच्या मधोमध तापणारी तार असते आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साईडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. ही पूड कोरडी असेपर्यंत उष्णता बाहेर जाऊ देते, पण वीज अडवून धरते. क्षारांमुळे किंवा गंजामुळे नळीला सुईच्या टोकाएवढे जरी छिद्र पडले, तरी पाणी आत शिरते, पूड ओली होते आणि वीज टाकीत व पाण्यात झिरपू लागते. अर्थिंग चांगले असेल तर हा प्रवाह अर्थिंगच्या तारेतून जमिनीत निघून जातो. ते कमकुवत असेल तर टाकी, तिच्याशी जोडलेल्या नळ्या आणि नळ यांच्यावर वीज उभी राहते आणि नळाला हात लावणाऱ्याच्या शरीरातून ती जमिनीकडे वाट काढते. म्हणजे आपल्या घरी एक नव्हे तर दोन बिघाड एकाच वेळी झालेले आहेत. नुसती कॉईल बदलली तर मुंग्या थांबतील, पण अर्थिंगचा दोष तसाच राहील आणि पुढची कॉईल फुटेल तेव्हा इशारा मिळेलच असे नाही.

एमसीबी पडला नाही, यावरून निश्चिंत होणे हा फार मोठा गैरसमज आहे. २००० वॅटचा गिझर साधारण पावणेनऊ अँपिअर वीज घेतो आणि त्याच्यासाठी १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी बसवलेला असतो. त्याचे काम तारा तापून जळू न देण्याचे आहे. माणसाच्या जिवाला धोका मात्र ३० मिलिअँपिअरच्या, म्हणजे एका अँपिअरच्या शंभराव्या भागाच्या तिप्पट इतक्या प्रवाहापासून सुरू होतो. एवढी गळती एमसीबीला कळतही नाही. ती ओळखण्यासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे उपकरण लागते. ते ३० मिलिअँपिअर क्षमतेचेच घ्यावे आणि त्यावरील ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून ते पडते की नाही ते पाहावे.

वाड्यांविषयी आणखी एक सांगणे आवश्यक आहे. पेठांतील पुष्कळ जुन्या घरांत मूळ वायरिंग दोन तारांचे आहे. नंतर तीन पिनांचे सॉकेट बसवले, पण तिसऱ्या भोकामागे तारच नाही, किंवा ती सॉकेटच्या आतच न्यूट्रलला जोडून टाकली आहे, असे पाहायला मिळते. हा दुसरा प्रकार अतिशय घातक आहे. न्यूट्रलची तार कुठेही सुटली तर पूर्ण २३० व्होल्ट गिझरच्या पत्र्यावर येतात. काही घरांत अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाईपला गुंडाळलेली असते. पूर्वी तो पाईप अखंड जमिनीत जात असे. आता मध्येच गळती काढताना प्लॅस्टिकचा तुकडा घातलेला असतो आणि तेवढ्याने अर्थिंग नाहीसे होते. म्हणून वायरमनला तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्यात. कॉईल मेगरने, म्हणजे विजेची गळती तपासण्याच्या उपकरणाने तपासावी, अर्थिंगसाठी खड्ड्यापर्यंत स्वतंत्र तार न्यावी आणि आरसीसीबी बसवावा. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून सारे ठीक आहे, हे उत्तर स्वीकारू नये. प्लग काढल्यावरही कोणाला मुंग्या आल्या, तर दोष गिझरमध्ये नसून घरच्या किंवा शेजारच्या वायरिंगमध्ये आहे, असे समजून तो नळच वापरणे थांबवावे आणि संपूर्ण तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : आमच्या अपार्टमेंटमध्ये नळाच्या पाण्यात बोअरचे पाणी मिसळले जाते. आठ वर्षांच्या २५ लिटरच्या गिझरमधून तापताना तडतड असा आवाज येतो. पूर्वी दोन बादल्या कढत पाणी मिळत असे, आता एकीनंतरच पाणी कोमट होते आणि पाणी तापायलाही जास्त वेळ लागतो. हे सारे क्षारांमुळेच होते का? गिझर बदलावा का? (एक गृहिणी, राजारामपुरी)

उत्तर : आवाज निश्चितपणे क्षारांमुळे येतो. भोगावती-पंचगंगेतून किंवा काळम्मावाडीहून शहराला येणारे पाणी मुख्यतः सह्याद्रीतल्या पावसाचे असल्याने त्यात क्षार तुलनेने कमी असतात. बोअरचे पाणी खडकांतून झिरपत येते आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून आणते. पाणी तापले की हे क्षार वेगळे होतात आणि सर्वांत गरम जागी, म्हणजे कॉईलवर, थरावर थर बसत जातात. थराच्या सापटीत अडकलेले पाणी कॉईलला लागून उकळते, त्याची वाफ थर फोडून बाहेर पडते आणि तोच तडतड किंवा खदखद असा आवाज होतो. बादलीच्या तळाशी पांढरे, खरखरीत कपटे सापडत असतील तर ते याच थराचे तुकडे होत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्याजोगे मानले जाते. आपल्या सोसायटीने बोअरच्या पाण्याची एकदा तपासणी करून घेतली तर सर्वच घरांना उपयोग होईल.

पाणी कमी मिळण्याचे कारणही बहुधा क्षारच आहेत, पण त्याची रीत वेगळी आहे. थर्मोस्टॅटची नळी कॉईलच्या शेजारीच असते. दोन्हींमध्ये क्षार साचले की कॉईलची उष्णता थेट थर्मोस्टॅटला लागते, त्याला पाणी तापले असे वाटते आणि वरचे सगळे पाणी तापण्याआधीच तो वीज तोडतो. दिवा लवकर विझतो, पण पाणी पुरत नाही, असे होत असेल तर हेच कारण धरावे. शिवाय तळाशी साचलेला गाळही टाकीतली जागा अडवतो. क्वचित गरम पाणी वरून घेणारी आतली उभी नळी चिरते आणि थंड पाणी तिच्यात मिसळू लागते. ते टाकी उघडल्यावरच दिसते.

पाणी तापायला वेळ जास्त लागतो, याचा दोष मात्र सरसकट क्षारांवर टाकला जातो तो मला मान्य नाही. कॉईलवर थर बसला तरी तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. ती जाताना कॉईल स्वतः अधिक तापते आणि त्यामुळे लवकर जळते, हे नुकसान खरे आहे. पण वेळ दीडपट-दुपटीने वाढत असेल तर आधी व्होल्टेज पाहावे. २००० वॅटच्या गिझरला २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ३५ मिनिटे लागतात आणि सव्वा युनिटच्या आत वीज लागते. व्होल्टेज २३० वरून १८० वर उतरले तर कॉईलची शक्ती जेमतेम १२२५ वॅट उरते आणि त्याच कामाला ५७ मिनिटे लागतात. सकाळी सहा-सातच्या सुमारास, संपूर्ण इमारतीचे गिझर एकदम सुरू असताना, वायरमनकडून सॉकेटवरचे व्होल्टेज मोजून घ्यावे. ते ठीक असेल आणि गिझरला दोन कॉईल असतील, तर त्यांतली एक गेलेली असू शकते.

हे घरच्या घरी पडताळून पाहता येते. ० ते १०० अंशांचा साधा थर्मामीटर घ्यावा. गिझर पूर्ण थंड असताना सुरू करावा, दिवा विझेपर्यंतचा वेळ लिहून ठेवावा, मग वीज बंद करून मापाच्या बादलीत पाणी सोडत पाच-पाच लिटरला तापमान टिपावे. पहिले पाच लिटर ६० अंशांच्या आसपास आणि दहा लिटरनंतर एकदम घसरण, असे आकडे आले तर तक्रार क्षारांची किंवा थर्मोस्टॅटची आहे. पहिल्यापासूनच पाणी कमी तापलेले असेल तर थर्मोस्टॅटची सेटिंग पाहावी. हे आकडे मिस्त्रीच्या हाती दिले तर तो अंदाजाने सुटे भाग बदलत बसणार नाही.

आपला गिझर लगेच बदलण्याची आवश्यकता दिसत नाही. आधी टाकी उघडून साफ करून घ्यावी. सफाईसाठी सायट्रिक ॲसिडचे द्रावण चालते. संडास साफ करण्याचे तीव्र ॲसिड टाकीत ओतण्याची सूचना कोणी केली तर स्पष्ट नकार द्यावा, कारण ते थराबरोबर धातूही खाते. टाकी उघडलेलीच आहे तर मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड डोळ्यांनी पाहावा. हा रॉड स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो. तो मुळात अंगठ्याएवढा जाड असतो. मधली लोखंडी तार उघडी पडली असेल तर त्याचे काम संपले आहे. बोअरच्या पाण्यावर तो दरवर्षी तपासायला हवा, आणि पुष्कळ घरांत गिझर भंगारात जाईपर्यंत तो एकदाही पाहिलेला नसतो, याचे वाईट वाटते. तापमान ६० अंशांवर ठेवावे. त्यापुढे क्षार वेगाने बसतात आणि पाणीही अंग भाजण्याइतके तापते. ६० अंशांचे पाणीसुद्धा थेट अंगावर पडले तर काही सेकंदांत त्वचा भाजते, म्हणून मुलांसाठी बादलीत आधी थंड पाणी घेऊन मगच गरम सोडावे.

प्रश्न : गिझरच्या खाली बसवलेल्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते. प्लंबर म्हणतात की त्याला बूच मारून टाकू. मारावे का? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : कदापि मारू नये. पाणी तापले की फुगते. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेले की त्याचे आकारमान पाव लिटरहून अधिक, जवळपास चारशे मिलिलिटरने वाढते. टाकी लवचीक नसल्याने या वाढलेल्या पाण्याला वाट हवी असते आणि ती वाट म्हणजे हा व्हॉल्व्ह आहे. पाणी तापत असतानाच थोडे ठिबकत असेल आणि गिझर बंद असताना थांबत असेल, तर व्हॉल्व्ह आपले काम करतो आहे. त्याला एक बारीक नळी जोडून ती जमिनीतल्या जाळीपर्यंत सोडावी, म्हणजे भिंत ओली होणार नाही. नळीचे दुसरे टोक मात्र उघडेच राहिले पाहिजे.

गिझर बंद असतानाही अखंड ठिबकत असेल तर व्हॉल्व्हची सीट झिजली आहे, त्यात क्षाराचा कण अडकला आहे किंवा पाण्याचा दाब जास्त आहे. गच्चीवरच्या टाकीमुळे दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब येतो. प्रेशर पंप बसवला असेल तर तो त्यात आणखी भर घालतो. गिझरच्या पट्टीवर लिहिलेला दाब आणि पंपाचा दाब यांचा मेळ आहे का, ते पाहावे. व्हॉल्व्ह ही किरकोळ खर्चाची वस्तू आहे. ती बदलावी, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये.

ठिबकणे आणि वाफ या दोन गोष्टींची गल्लत मात्र करू नये. व्हॉल्व्हमधून किंवा नळातून वाफेचा फवारा येत असेल, गिझर गुरगुरत असेल आणि दिवा विझतच नसेल, तर थर्मोस्टॅट चिकटला आहे आणि जादा तापमानाला वीज तोडणारा कटआऊटही निकामी झाला आहे. अशा वेळी नळाशी खेळत बसू नये. मुख्य स्विच पाडावा, घरच्यांना न्हाणीघरापासून दूर ठेवावे आणि टाकी आपोआप थंड होऊ द्यावी. याच वेळी व्हॉल्व्हला बूच मारलेले असेल तर टाकी फुटते आणि भिंतीसकट नुकसान होते. कटआऊट पडल्यावर त्याचे लाल बटण दाबून गिझर पुन्हा सुरू करता येतो, परंतु तो दुसऱ्यांदा पडला तर बटण न दाबता थर्मोस्टॅट बदलावा.

प्रश्न : आमच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. मागच्या आठवड्यात सासूबाई अंघोळीला गेल्या असताना त्यांना गरगरले आणि मळमळले. बाहेर आल्यावर थोड्या वेळाने बरे वाटले. त्यांना रक्तदाबाचा त्रास असल्याने आम्ही तेच कारण समजलो. पण गिझरची ज्योतही हल्ली पिवळी दिसते आणि वरच्या बाजूला काजळी धरली आहे. या दोन्हींचा काही संबंध असेल का? (एक वाचक, ताराबाई पार्क)

उत्तर : संबंध असण्याचीच शक्यता मोठी आहे. कृपया सासूबाईंना डॉक्टरांकडे नेऊन ज्योत, काजळी आणि बाहेर आल्यावर वाटलेला आराम हे सारे सांगावे. नुसते रक्तदाबाचे सांगितले तर डॉक्टरांचे लक्ष दुसरीकडे जाईल.

एलपीजी पूर्ण जळला तर ज्योत निळी असते. हवा कमी पडली किंवा बर्नरच्या जाळीत धूळ आणि कोळ्याची जाळी साचली की तो अर्धवट जळतो, ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. आपल्याला येणारा गॅसचा वास सिलिंडरमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो आणि तो न जळलेल्या गॅसची गळती कळवतो. कार्बन मोनॉक्साईडची चाहूल त्या वासाने लागत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते, त्यामुळे श्वास चालू असतानाही शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. आधी डोके जड होते, गरगरते, मळमळते, पायांतले त्राण जाते, आणि मग दाराची कडी काढण्याइतकीही शुद्ध राहत नाही. ज्योत निळी असली तरी चारही बाजूंनी बंद न्हाणीघरात दहा-पंधरा मिनिटांत हवा खालावू शकते, हेही ध्यानात ठेवावे. बाहेर येताच बरे वाटणे किंवा एकाच न्हाणीघरातून निघालेल्या दोघातिघांना तोच त्रास होणे, ही या विषबाधेची ओळखीची खूण आहे.

म्हणून हा गिझर दुरुस्त करून पुन्हा त्याच जागी चालवावा, असे मी सांगणार नाही. तो बाहेर, मोकळ्या बाल्कनीत किंवा डक्टच्या उघड्या बाजूला बसवून गरम पाणी नळीने आत आणावे. ते शक्य नसेल तर विजेचा गिझर घ्यावा. एक्झॉस्ट फॅन बसवला म्हणजे भागले, असेही समजू नये. पंखा हवा बाहेर टाकतो, पण बंद दार-खिडकीमुळे नवी हवा आत यायला वाट नसेल तर त्याचा उपयोग होत नाही.

घरात कोणी न्हाणीघरात उत्तर देत नसेल तर दार तोडायला विलंब करू नये. आत जाणाऱ्याने श्वास रोखून गॅसची कॉक बंद करावी, माणसाला तत्काळ मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णालयात ‘गॅस गिझर सुरू होता’ हे पहिले वाक्य सांगावे, कारण उपचार म्हणून तातडीने ऑक्सिजन द्यावा लागतो. गॅसचा वास येत असेल तर विजेचे कोणतेही बटण न दाबता दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

प्रश्न : गिझरमधून तांबूस पाणी येते आणि कधीकधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. (एक वाचक, कळंबा)

उत्तर : एक पांढरी बादली थंड पाण्याने आणि एक गरम पाण्याने भरून शेजारी ठेवावी. दोन्ही तांबूस असतील तर दोष पाईपचा किंवा पुरवठ्याचा आहे. जलवाहिनीच्या दुरुस्तीनंतर एखादा दिवस असे पाणी येतेच. फक्त गरम पाणी तांबूस असेल तर टाकी आतून गंजू लागली आहे. अशा वेळी ॲनोड रॉड त्वरित बदलला तर टाकी काही काळ वाचू शकते, पण गळती सुरू झालेली असेल तर वाचत नाही. वास बहुधा जिवाणूंचा असतो. गिझर अनेक दिवस बंद राहिला की पाण्यातील सल्फेटवर जगणारे जिवाणू टाकीत वाढतात आणि मॅग्नेशियमच्या रॉडमुळे त्यांच्या कामाला हातभार लागतो. टाकी रिकामी करून धुवावी आणि नंतर पाणी एकदा कमाल तापमानाला नेऊन सोडून द्यावे. बोअरच्या पाण्यामुळे वास पुन्हा पुन्हा येत असेल तर ॲल्युमिनियम-जस्त मिश्रणाचा रॉड मिळतो का, ते विचारावे.

प्रश्न : आमचे तळमजल्याचे घर २०२१ च्या महापुरात बुडाले होते, त्यात गिझरही पाण्याखाली गेला. वाळवून घेतल्यावर तो सुरू झाला आणि अजून चालतो आहे. धोका आहे का? (एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर : आहे. टाकीला पुराच्या पाण्याने काही होत नाही, पण थर्मोस्टॅट, कटआऊट आणि जोडणीच्या टोकांत बारीक गाळ शिरतो आणि तो वाळवल्याने निघत नाही. बाहेरच्या पत्र्याच्या आतला फोम पाणी धरून ठेवतो आणि पत्रा आतून गंजत राहतो. वीज बंद करून मिस्त्रीकडून खालचे झाकण उघडून पाहावे. टोकांवर हिरवट किंवा पांढरट बुरशीसारखा थर दिसला तर हे सर्व भाग आणि वायर बदलाव्यात, भिंतीतले सॉकेटही बदलावे. माझ्या मते, इतका खर्च करण्यापेक्षा बुडालेला गिझर बदलणेच श्रेयस्कर आहे. नव्या गिझरचे सॉकेट शक्य तितके उंचावर घ्यावे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की सखल भागातील घरांनी, पाणी दारात येण्याची वाट न पाहता, गिझरचा प्लग काढून त्याचा एमसीबी पाडून ठेवावा.

प्रश्न : गच्चीवरच्या सोलरचे पाणी पूर्वीइतके तापत नाही. (एक वाचक, उचगाव)

उत्तर : काचेच्या नळ्यांची खालची टोके पाहावीत. तेथे आरशासारखा रुपेरी डाग असतो. ज्या नळीचा डाग दुधासारखा पांढरा झाला आहे तिची निर्वात पोकळी गेली आहे आणि तेवढी नळी बदलावी लागेल. सर्व डाग रुपेरी असतील तर काचेवरची धूळ पुसून घ्यावी, आणि तरीही फरक पडला नाही तर नळ्यांत क्षार साचले आहेत का ते पाहून घ्यावे. पावसाळ्यासाठी टाकीत बसवलेल्या विजेच्या कॉईललाही पहिल्या उत्तरातील अर्थिंग आणि आरसीसीबीचे नियम तसेच्या तसे लागू आहेत.

प्रश्न : आमचा गिझर बारा वर्षांचा आहे आणि काहीच तक्रार नाही. तरीही वयामुळे बदलावा का? (एक ज्येष्ठ वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर : नुसत्या वयामुळे बदलू नये. टाकी तांब्याची असेल आणि पाणी नळाचे असेल तर बारा वर्षे हे काही फार वय नव्हे. मात्र यापुढे दरवर्षी दिवाळीआधी तो उघडून तपासून घ्यावा. थर्मोस्टॅट, कटआऊट, व्हॉल्व्ह आणि कॉईलखालचे गॅस्केट हे सगळे बदलता येणारे भाग आहेत, त्यांच्यासाठी गिझर टाकून देण्याचे कारण नाही. कॉईल वर्ष-दोन वर्षांत दुसऱ्यांदा जळाली तर मात्र पाणी आणि टाकी या दोन्हींचा विचार करावा.

टाकीच गळू लागली तर बदलण्याला पर्याय नाही. पाणी नेमके कोठून येते ते पाहण्यासाठी सगळे पुसून कोरडे करावे आणि नट, गॅस्केट व व्हॉल्व्हभोवती कागद लावून ठेवावा. कागद कोरडे राहून बाहेरच्या पत्र्याच्या तळाच्या सांध्यातून तांबूस थेंब येत असतील तर आतली टाकी फुटली आहे. तांब्याच्या बंबाला आपण डाग देऊन घेत होतो, तसा डाग काचेचा मुलामा दिलेल्या पोलादी टाकीला देता येत नाही, कारण तापवताना मुलामाच उडतो. जो कोणी तसे करून देतो म्हणेल त्याच्यावर पैसे घालवू नयेत. नवा घेताना आयएसआय चिन्ह, पट्टीवरचा दाब आणि टाकीच्या वॉरंटीची वर्षे पाहावीत. ही वॉरंटी कॉईलच्या वॉरंटीहून वेगळी असते, हे दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावे.

आपले घर पेठेतले आहे म्हणून एक विनंती आहे. भरलेल्या २५ लिटरच्या गिझरचे वजन ३५ किलोच्या घरात जाते आणि मातीच्या किंवा जुन्या चुन्याच्या भिंतीत बोल्ट वर्षागणिक सैल होतात. गिझरची वरची कड आणि भिंत यांच्यात पूर्वी नसलेली फट दिसली, बोल्टभोवती गिलावा पडू लागला किंवा खालच्या नळ्या ताणल्यासारख्या वाटल्या, तर त्याखाली अंघोळीला बसू नये. नवा गिझर अशा भिंतीवर टांगायचा असेल तर बोल्ट आरपार काढून मागच्या बाजूने लोखंडी पट्टी लावून घ्यावी, किंवा भिंतीवर भार न येऊ देता अँगलचे स्टँड जमिनीवरून उभे करून घ्यावे.